जर्मनबुवा आणि आईची सही

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. हे मी गमतीत म्हणत नाही. दुबईजवळच्या रास अल खैमाच्या फ्री झोनमधल्या एका ऑफिसात मी कम्प्लायन्स बघते. म्हणजे जो कोणी नवीन क्लायंट येईल त्याचा पासपोर्ट, पत्ता, धंदा, सह्या, सगळं उलटंपालटं करून तपासायचं आणि हा माणूस म्हणतो तोच आहे का, ते ठरवायचं. अठरा वर्षं हेच करतेय. नवरा म्हणतो, तू देव्हाऱ्यातल्या देवाकडेही एमिरेट्स आयडी मागशील. मागीन. लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवायला त्याचं काय जातंय?

तेव्हा त्या जर्मन म्हाताऱ्यावर मी संशय घेतला यात नवल काही नाही. नवल पुढे झालं, आणि ते सांगताना अजून माझे कान गरम होतात.

बाबा गेल्यावर डोंबिवलीच्या घराला कुलूप लावून आईला आम्ही इकडे आणलं. वर्षभरात तिला अर्धांगाचा हलका झटका आला. हात-पाय पंधरा दिवसांत पूर्ववत झाले, जीभ काही होईना. डोक्यात सगळं लख्ख, पण शब्द बाहेर येत नव्हता. 'पाणी' म्हणायचं असलं तरी ओठ हलायचे, कपाळावरची शीर फुगायची, आणि शेवटी नुसतं 'ते... ते...' यायचं. आणि बाई कोण, तर तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेली! लग्नानंतर नाटक सुटलं, पण आवाज सुटला नव्हता. कॉलनीत भांडण झालं की शेवटचं वाक्य आईचं असायचं आणि ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं.

स्पीच थेरपिस्ट लावली. साडेचारशे दिरहमला एक सेशन. आईला बोलता येत नव्हतं, पण गुणाकार येत होता. तिने माझ्यापुढे दहाही बोटं नाचवली. दहा हजार रुपये! तीन सेशन झाली आणि खलास, ती खोलीचं दार लावून बसली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, पहिलं वर्ष महत्त्वाचं, काय सुधारायचं ते बहुतेक त्यातच सुधारतं. त्यातले आठ महिने संपले होते. मला दुसरं काही नको होतं हो. आईने मला एकदा, पूर्वीसारखं, घसा फोडून रागवावं, एवढंच हवं होतं.

संध्याकाळी ऊन उतरलं की ती समोर खाडीकाठच्या बाकावर जाऊन बसायची. बिल्डिंगचा वॉचमन लक्ष ठेवायचा. एक दिवस तो मला म्हणाला, "मॅडम, अम्मा आजकल उस गोरे बाबा से बहुत बात करती हैं।"

"बात?" मी म्हटलं. "अम्मा बात नहीं कर सकती."

"करती हैं मॅडम. जोर जोर से."

माझ्याशी नाही, जावयाशी नाही, नातीशी नाही. आणि एका परक्या गोऱ्याशी जोरजोरात? पाणी कुठंतरी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून तासभर लवकर निघाले. बाकावर आई, आणि तिच्याशेजारी एक उंच, पोक आलेला म्हातारा. पांढरा सुती शर्ट, गवती टोपी, कानावर सुतारासारखी जाड पेन्सिल. मला बघताच तो उठला, टोपी काढली आणि कमरेत असा वाकला, की मागे वळून पाहावंसं वाटलं, कोणी शेख वगैरे आलाय की काय. आईने हाताने ओळख करून दिली आणि तोंडातून कसाबसा एकच शब्द काढला, "बुवा."

बुवा म्हटलं की मला आधी भोंदूच आठवतो.

इंग्लिश त्याचं तोडकंमोडकं, पण आवाज खर्जातला, भरदार. जावई सिरॅमिकच्या फॅक्टरीत मशिनरी बसवायला आलेला, मुलगीही इथेच, दोन बिल्डिंग सोडून राहतात. माझा नवराही सिरॅमिकमध्येच, त्यामुळे तेवढं खरं असू शकत होतं. मग मी विचारलं, आपण काय करायचात?

"मी नट आहे," तो म्हणाला. 'होतो' नाही, 'आहे'.

माझ्या टेबलासमोर बसून लोकांनी स्वतःला सल्लागार म्हणवलंय, गुंतवणूकदार म्हणवलंय, एकाने तर राजघराण्यातला म्हणवलंय. नट कोणी म्हणवलं नव्हतं. म्हणजे बघा, हा माणूस आपण खोटं बोलण्यात तरबेज आहोत, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करत होता!

मी नेहमीच्या सवयीने खोदत गेले. बाप ट्रॅम चालवायचा. नाट्यशाळेने दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा घेतलं. मग एका मध्यम गावाच्या थिएटरात तीस वर्षं नोकरी.

"नोकरी म्हणजे?"

"दर महिन्याला पगार. गावच्या नगरपालिकेचा. सुट्ट्या. आता पेन्शन."

झालं! पहिली लाल खूण मी तिथेच केली. नटाला नगरपालिका पगार देते? आमच्याकडचे नट दिवसा बँकेत खर्डेघाशी करायचे आणि संध्याकाळी तोंडाला रंग लावायचे. नाटकाची नाईट मिळाली तर मिळाली, नाहीतर भजी खाऊन घरी. आईच्या नाटकाचा नायक पोस्टात होता. आणि म्हणे पेन्शन! थाप मारावी, पण पचेल एवढी तरी मारावी.

"आणि सिनेमा?"

"सिनेमा, टीव्ही... मी चाळीसेक वेळा मेलोय," तो गंभीरपणे म्हणाला. पोलिसी मालिकांमध्ये त्याला दोनच कामं मिळायची, खून करणारा किंवा खून झालेला. "एकदा दोन्ही."

यावर आई हसली. खळखळून, मान मागे टाकून, आवाज करून हसली. आठ महिन्यांत ते हसू मी ऐकलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता ना मला? माझ्या अंगाची नुसती आग झाली. त्याचं इंग्लिश तिला धड कळत तरी होतं का?

"तुम्ही दोघं बोलता कुठल्या भाषेत?" मी विचारलं.

त्याने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, सांगू नका अशी. चक्क माझी आई, माझ्यापासून, त्याच्याशी संगनमत करून! "आम्ही तालीम करतो," एवढंच तो म्हणाला.

घरी आल्याआल्या मी वॉचमनकडून व्हिजिटर रजिस्टर मागून घेतलं. गेल्या महिन्यात तो आईला पोहोचवायला लॉबीपर्यंत आला होता, तेव्हा नाव लिहिलं होतं. ते नाव मी इंटरनेटवर टाकलं. त्या नावाचा एक दातांचा डॉक्टर निघाला, एक सायकलपटू निघाला. नट कोणी नाही. चाळीस वेळा मेलेला माणूस आणि एकाही मुडद्याचा फोटो नाही?

"तोतया आहे," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, म्हातारा माणूस आहे. आईंना सोबत होते. तुझं काय जातंय?"

"म्हातारे साप डसत नाहीत वाटतं? डोंबिवलीचं घर आईच्या नावावर आहे, विसरलास?"

"हो, आणि तो जर्मनीहून डोंबिवलीचा वन बीएचके लुबाडायला आलाय," तो म्हणाला आणि टीव्हीकडे वळला. या माणसाला कोणी दिवसाढवळ्या लुटलं तरी तो चोराला चहा विचारील.

मग मला ते कागद सापडले. आईच्या पिशवीत, गोळ्यांच्या डब्याखाली, चार घड्या घातलेले दोन कागद. जाड पेन्सिलीने लिहिलेलं, ठळक, तिरकं अक्षर. लिपी इंग्लिश, भाषा इंग्लिश नव्हे. शब्दांवर रेघा, बाण, काही ठिकाणी वर्तुळं. आणि दुसऱ्या कागदाच्या तळाशी, शाईने, थरथरत्या अक्षरात, आईची सही.

कळत नाही त्या भाषेच्या कागदावर न वाचता सही! अशी एक सही माणसाचं काय करू शकते हे मी रोज बघते.

फोन काढून ट्रान्सलेटच्या अॅपमध्ये एकेक ओळ घातली. अॅप आधी म्हणालं जर्मन, मग म्हणालं फिनिश, मग हात टेकले. अर्थ काय, तर 'माझे तेल', 'ती तिथे गाय', असलं काहीतरी. मी डोळे फाडून फाडून बघितलं तेव्हा एकच शब्द ओळखीचा वाटला. तीन ठिकाणी होता, भोवती वर्तुळ होतं, आणि मी तो वाचला 'अवॉर्ड्स'. स्पेलिंग जरा चुकलेलं, पण अवॉर्डच. कोर्टाचा निवाडा, लवादाचा निवाडा, त्यालाही अवॉर्डच म्हणतात. आता सांगा, मी काय समजायचं होतं?

"आई, हे काय आहे?" मी कागद तिच्यापुढे धरले. तिने झडप घातली, मी हात मागे घेतला. ती चिडली, तोंड उघडलं. "ते... ते... न..." आणि रडकुंडीला येऊन खोलीत गेली. कागद मी माझ्या पर्समध्ये ठेवले. पुरावा म्हणून.

दोन दिवसांनी मी मुद्दाम न सांगता खाडीकाठी गेले. गाडी पार्क केली, काच बंद, एसी चालू. समोर बाकापाशी तो उभा होता आणि माझ्या आईवर ओरडत होता. आवाज काचेतून येत नव्हता, पण मान ताठ, हात लांब केलेला, बोट रस्त्याकडे, चालती हो म्हणावं तसं. आणि आई हात जोडून उभी, गालांवरून पाणी वाहतंय. मी सीटबेल्ट काढेपर्यंत तो तिच्या जवळ गेला, तिच्या डाव्या खांद्यावर वाकला आणि तीनदा थुंकला. थू, थू, थू.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. इंग्लिश, हिंदी, मराठी, जे तोंडाला आलं ते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. माझ्या आईपासून दूर राहा, पोलिसात देईन, तू नट नाहीस, तुझं नाव कुठे नाही, मी शोधलंय, तू कोणीही नाहीस. फिरायला आलेली माणसं थांबली. एक अरबी आजोबा "हबीबी, हबीबी, शांत" म्हणत मध्ये पडले.

'तू कोणीही नाहीस' म्हटलं तेव्हा फक्त त्याने माझ्याकडे जरा नीट पाहिलं, जसं काही मी त्याला माहीत असलेली बातमी सांगितली होती. मग टोपी घातली आणि निघाला. चार पावलं चुकीच्या दिशेने गेला, थांबला, मग वळला.

आई माझा दंड ओढत होती. "न... न... न..." त्याहून पुढे येत नव्हतं. मी म्हटलं, चल घरी, आता मी आहे ना.

त्या दिवसापासून आईचं 'ते... ते...' सुद्धा बंद झालं. मान हलवायची नाही, हो-नाही करायची नाही. ताट पुढे ठेवलं तर चार घास खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. असे सहा दिवस. आठ महिन्यांत औषधांनी जे झालं नव्हतं ते त्या म्हाताऱ्याने केलं होतं, आणि मी ते एका संध्याकाळी उलटं करून दाखवलं होतं, पण हे तेव्हा मला कुठं कळत होतं? मी म्हणत होते, बघा, कसं कह्यात घेतलं होतं तिला!

सातव्या दिवशी शनिवार होता. मी डायनिंग टेबलावर ते कागद पसरून बसले होते. पोलिसात द्यायचे तर कोणाकडून तरी रीतसर भाषांतर करून घ्यावं, असं चाललं होतं. माझी लेक आठवीत आहे. शाळेत अरबीबरोबर तिने जर्मन घेतलंय, कारण मैत्रिणीने घेतलं. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. सीरियलचा बाऊल हातात घेऊन ती माझ्या खांद्यावरून डोकावली.

"व्हॉट इज धिस?"

"जर्मन आहे. तुला येतं का बघ."

तिने ओळीवरून बोट फिरवलं. "धिस इज नॉट जर्मन, मम्मा."

"मग काय आहे?"

"आय डोन्ट नो. बट ही इज रायटिंग लाइक अ जर्मन. बघ, जे म्हणजे य. डब्ल्यू म्हणजे व." चुकून तिच्या तोंडून मराठी गेलं. "मी वाचू?"

आणि ती मोठ्याने, शाळेत जर्मनचा धडा वाचतात तशी, एकेक अक्षर तोडत वाचू लागली. "को-ण. आ-हे."

तिला स्वतःला कळलं नव्हतं काय वाचलं ते. तिने पुन्हा वाचलं, या वेळी जोडून, "कोण आहे?"

आतल्या खोलीतून आवाज आला. "मी आहे. दार उघड."

लेकीच्या हातातला चमचा खाली पडला. आवाज आईचा होता. अडखळलेला नव्हे, फुटका नव्हे. तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा.

लेक घाबरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "वाच. पुढे वाच."

"मी तुला ओळखत नाही. चा-लती हो."

"चेहरा विसरलास तर विसर," आई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती, पदर खांद्यावर ओढलेला, पाठ सरळ. "आवाज ओळखला नाहीस?"

आवाज. वर्तुळातला शब्द. जर्मन माणूस आपला 'आवाज' कसा लिहील? व-ला डब्ल्यू, आणि शेवटच्या ज-ला डी आणि एस. मी त्याला अवॉर्ड्स वाचलं होतं, निवाडा समजले होते. मराठी घरात जन्मलेली मी, आईच्याच जुन्या नाटकातली वाक्यं फोनमध्ये घालून त्यांचं भाषांतर मागत बसले होते. तोंडाने एकदा मोठ्याने वाचायचं सुचलं नाही मला.

मी रडले. लेकीसमोर, आईसमोर, टेबलावर डोकं ठेवून रडले. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काही म्हणायला तोंड उघडलं. "ते..." एवढंच आलं. स्वतःचं असं अजून काही येत नव्हतं. जे येत होतं ते नाटकातलं.

त्याच दुपारी आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला, पण आई पुढे आणि मी मागे. दार त्याच्या मुलीने उघडलं. माझ्याच वयाची, केस बारीक कापलेले, डोळ्यांखाली काळं. मी कोण ते तिला न सांगता कळलं. तिने आम्हाला हाकलायला हवं होतं. तिने पाणी दिलं.

सगळं तिने सांगितलं, इंग्लिशमध्ये, मधे मधे थांबत. पासपोर्टावरचं आडनाव सावत्र बापाचं. रंगभूमीवर तो आईच्या आडनावाने काम करायचा. ते नाव तिने मला फोनवर दाखवलं. फोटोच फोटो. निरोपे, नोकर, सेनापती, एकदा राजा. आणि खरंच, कितीतरी मुडदे. एकात तो बर्फात पडलाय, डोळे उघडे, आणि काय सांगू, इतका मेलेला दिसतो की मला अंगावर काटा आला. पगार खरा. नगरपालिका खरी. पेन्शनही खरी. माझ्या सगळ्या लाल खुणा एकेक करून पुसल्या गेल्या.

"माझी आई त्याच थिएटरात प्रॉम्प्टर होती," ती म्हणाली. "पहिल्या रांगेच्या कडेला, छोट्या दिव्यापाशी बसायची. बाबा वाक्य विसरले की ती नुसता पहिला शब्द द्यायची. तीस वर्षं. ती गेली, त्याच्या पुढच्या मोसमात बाबा एका प्रयोगात मधेच थांबले. नव्या प्रॉम्प्टरने तीनदा शब्द दिला. सगळ्या प्रेक्षकांना ऐकू गेला. बाबांना नाही. ते तसेच विंगेत निघून गेले आणि परत कधी उभे राहिले नाहीत."

आम्हाला वाटलं दुःख आहे, ती म्हणाली. दुःख होतंच, पण विसरण्याचा आजारही होता. आता कधी कधी ते मुलीलाही ओळखत नाहीत. म्हणून इकडे आणलं. रोज संध्याकाळी पाण्याकाठी जाऊन जुनं एखादं भाषण मोठ्याने म्हणायचे, काय उरलंय ते बघायला. एक दिवस एक साडीतली बाई समोर येऊन उभी राहिली आणि तिने उलट काहीतरी म्हटलं, सलग, अख्खं. "बाबा घरी आले ते लहान मुलासारखे. म्हणाले, मला एक शब्द कळला नाही, पण ती भूमिका होती. माणूस भूमिकेत उभा राहतो तेव्हा पाठ वेगळी असते. मग त्यांनी दोन्ही पात्रांची वाक्यं तिच्याकडून ऐकून ऐकून लिहून काढली. स्वतःच्या लक्षात राहत होतं तोवर."

"आणि सही?"

"ज्यांच्याबरोबर काम करतात, त्या प्रत्येकाची ते सही घेतात. फार जुनी सवय."

मला थुंकण्याचं विचारवेना. तिनेच सांगितलं. त्यांच्याकडे रंगमंचावर जायच्या आधी सोबतीच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू करतात. नजर लागू नये, काम चांगलं व्हावं म्हणून. "फक्त आभार मानायचे नाहीत. मानले की उलटं होतं."

दृष्ट! त्याने माझ्या आईची दृष्ट काढली होती. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला जाताना आई माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून जसं थू थू करायची, तसं. आणि मी पोलीस बोलावणार होते.

"त्या दिवसापासून ते खोलीत आहेत," मुलगी म्हणाली. "कोणाशी बोलत नाहीत. मला वाटतं आता..." तिने आतल्या बंद दाराकडे बोट केलं.

मी उठणार तेवढ्यात आई उठली. त्या दारापाशी गेली, आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, डावा खांदा जरासा मागे काढून. मला दोन क्षण कळलंच नाही. मग कळलं. मी वाकले आणि केलं, थू, थू, थू. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत.

आईने दारावर टकटक केलं.

काही नाही. तिने पुन्हा केलं. मग आतून तो खर्जातला आवाज आला, ण जरा न-कडे झुकलेला. "कोण आहे?"

"मी आहे," आई म्हणाली. "दार उघड."

"मी तुला ओळखत नाही."

इतक्या दिवसांनी बापाचा आवाज ऐकून त्याच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. हे नाटकातलं वाक्य होतं. की खरंच? मराठी आठवत होतं आणि माणूस आठवत नव्हता, असं होऊ शकतं? की तो माझ्यावर रागावून बोलत होता? अठरा वर्षं मी माणसं खरी की खोटी ते ओळखते, आणि मला काही ओळखता येईना. पुढचं वाक्य आईचं होतं. चेहरा विसरलास तर विसर. ती म्हणेना. ओठ हलत होते, कपाळावरची शीर फुगली होती. तेच, घरी व्हायचं तेच. माझ्या हातात कागद होते. मी तिला पहिला शब्द द्यायला पुढे झाले, "चेहरा..."

आईने हात मागे करून मला गप्प केलं. दाराला कपाळ टेकवलं.

"ब... बुवा," ती म्हणाली. "नका... नका ओळखू. मी रोज येईन."

मी कागद दोनदा तपासले. हे वाक्य त्यात नव्हतं.